खोऱ्याखोऱ्यांतले खेकडे : प्रस्तावना

भोर आणि वेल्हे हे तालुके मराठी वाचकाला इतिहासाच्या वाटेने माहीत आहेत. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर ही नावं शाळेच्या पुस्तकातच भेटतात. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं ही नावं जरा पुढे, बखरी आणि महजर वाचताना भेटतात. इथल्या देशमुखांच्या वतनांचे तंटे कागदोपत्री पिढ्यान्‌पिढ्या मांडलेले आहेत. मात्र याच खोऱ्यांत, भाताच्या बांधात आणि ओढ्याच्या कातळाखाली, त्या सगळ्या घराण्यांच्या कितीतरी आधीपासून वस्ती करून असलेल्या एका प्राण्याविषयी मराठीत सलग असं लिखाण फार थोडं आहे. तो प्राणी म्हणजे गोड्या पाण्यातला खेकडा. त्याच्या अभ्यासाकडे येऊ पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. त्यांत प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असेल, गावातला शिक्षक असेल, गडांवर जाणारा भटका असेल आणि कुठल्या दगडाखाली खेकडा आहे हे दगड न उचलता सांगणारा वाडीवरचा माणूसही असेल. या चौघांत शेवटचा माणूस अभ्यासाला सर्वांत जास्त देऊ शकतो असं माझं मत आहे; त्याची कारणं पुढे येतील.

खेकडा म्हटलं की बहुतेकांच्या मनात समुद्र येतो, आणि सुरुवात तिथून करणं सोयीचंही आहे. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगड उलटले तर एक लहानसा, मळकट दिसणारा खेकडा सापडतो. पाठ, पाय, नांग्या, सगळं अंग दाट मऊ केसांनी झाकलेलं असतं. पिलुम्नस वेस्पर्टिलिओ हे त्याचं शास्त्रीय नाव. फॅब्रिशियसने १७९३ मध्ये ही जात नोंदवली. त्याच्या केसांत गाळ अडकतो, बारीक शेवाळ धरतं, आणि तो निपचित बसला की चिखलाचा गोळा कुठला आणि खेकडा कुठला हे ओळखणं कठीण होतं. किनाऱ्यावरच्या अभ्यासकाला निदान आधाराला काही आहे. बी. एफ. छापगर यांनी तत्कालीन मुंबई राज्याच्या सागरी खेकड्यांवर १९५७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लिहिलं, आणि पुढच्या अनेकांनी तिथूनच सुरुवात केली.

मावळातला खेकडा या केसाळ भावंडाशेजारी ठेवला तर अगदी वेगळा दिसतो. पाठ गुळगुळीत, घोटीव, पावसात चकाकणारी. पण केस त्यालाही असतात, आणि नवख्या अभ्यासकाने भिंग घेऊन आधी तेच पाहावेत असं मी सुचवेन. खेकड्याचा केस आपल्या केसासारखा कातडीतून उगवत नाही. तो कवचाचाच निमुळता भाग असतो आणि कात टाकताना कवचाबरोबर गळून पडतो. पायांवरचे काही केस स्पर्श ओळखतात, काही पाण्यातली चव. तोंडापाशी जबड्याच्या पायांना केसांची झालर असते. कल्ल्यांच्या पोकळीत केसाळ पट्ट्या आत-बाहेर फिरत राहतात आणि कल्ल्यांवर बसलेला गाळ झाडतात. भातखाचराच्या गढूळ पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला याची किती गरज असेल हे चिखलणीच्या दिवसांत खाचराकडे पाहिलं की कळतं. आणि मादीच्या पोटाखालची रुंद झडप अलगद उघडली तर आत केसाळ उपांगांच्या जोड्या दिसतात. अंडी चिकटलेली असतात ती याच केसांना. पाठ केसाळ असो वा गुळगुळीत, खेकड्याचा वंश केसाला धरूनच पुढे जातो, समुद्रातही आणि सह्याद्रीतही.

इथून पुढे मात्र दोघांच्या वाटा फुटतात, आणि या साऱ्या अभ्यासाचं मर्म त्या फाट्यावर आहे. सागरी मादी बारीक अंडी मोठ्या संख्येने घालते. ती फुटली की आईशी कसलंही साम्य नसलेले, काटेरी टोपी घातल्यासारखे दिसणारे डिंभ बाहेर पडतात. झोइया ही त्यांची पहिली अवस्था आणि मेगालोपा ही नंतरची. हे जीव लाटांबरोबर, प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्याला लागून खेकडे होतात. म्हणून एकच सागरी जात हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यांवर आढळू शकते. आपल्या डोंगरातल्या मादीची गोष्ट निराळी आहे. तिची अंडी मोठी आणि संख्येने थोडी असतात. डिंभाच्या साऱ्या अवस्था अंड्याच्या आतच उरकतात, आणि बाहेर येतो तो इवलासा पण पुरता खेकडा. काही काळ आई या पिल्लांना झडपेखाली घेऊन हिंडते आणि मग ओढ्याच्या काठी, ओल्या पाचोळ्यात सोडते. ती पिल्लं वाहून जाण्यासाठी बनलेलीच नाहीत. जिथे सुटली त्याच ओढ्यात, फार तर शेजारच्या ओढ्यात त्यांचं आयुष्य जातं.

याचा परिणाम समजून घ्यायला रायरेश्वराच्या पठारासारखी जागा नाही. पठाराच्या उत्तर उतारावर पडलेलं पाणी नीरेला मिळतं. नीरा पूर्वेला जाऊन नरसिंहपूरपाशी भीमेत शिरते. दक्षिण उतारावरचं पाणी वाईच्या बाजूला कृष्णेच्या खोऱ्यात उतरतं. एका पठारावरून वेगळी झालेली ही दोन पाणी पुन्हा भेटतात ती थेट रायचूरजवळ, भीमा कृष्णेला मिळते तिथे. म्हणजे या उतारावरच्या खेकड्याला त्या उतारावर पाण्याने जायचं तर शेकडो किलोमीटर खाली जाऊन तितकंच वर यावं लागेल. डोंगरमाथा ओलांडून जायचं तर अंतर थोडं, पण वाटेत उघडा सडा, ऊन आणि घार-कावळे. भर पावसाच्या रात्री तो हे धाडस करतो का? पिढ्यान्‌पिढ्यांत एखाद्याने जरी केलं तरी दोन्ही उतारांवरची प्रजा एकमेकींशी जोडलेली राहते. कोणीच केलं नाही, तर काळाच्या ओघात त्या दोन निराळ्या जाती होऊ शकतात. पश्चिमेकडे हा प्रश्न आणखी ठळक होतो. वरंधा घाटात किंवा केळदजवळच्या मढे घाटात कड्यावर उभं राहिलं की पाठीमागचं पाणी बंगालच्या उपसागराकडे निघालेलं असतं आणि पायाखालचं पाणी महाडच्या बाजूला उतरून सावित्रीवाटे अरबी समुद्राकडे. कड्याच्या वरचा खेकडा आणि कड्याच्या खालचा खेकडा एकच आहे, असं न तपासता गृहीत धरणं मला धाडसाचं वाटतं.

म्हणून या अभ्यासाचं एकक खोरं आहे. तालुका, जिल्हा, राज्य हे आपल्या सोयीचे विभाग झाले. खेकड्याची वस्ती डोंगराच्या धारेने आणि पावसाच्या मानाने ठरते, आणि वरंध्याच्या कुशीतल्या धो धो पावसापासून भोर गावाच्या बेताच्या पावसापर्यंत हे मान थोडक्या अंतरात झपाट्याने बदलत जातं.

आधी येऊन गेलेल्यांची ओळख करून घेऊ. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर १८२५ मध्ये मुंबईहून पुण्याकडे आले तेव्हा दख्खनच्या गवतात जिकडेतिकडे दिसणाऱ्या छोट्या खेकड्यांनी त्यांचं लक्ष वेधून घेतलं. नांगीने गवताची, भाताची हिरवी धाटं कापून, आपल्याएवढा भारा घेऊन तिरक्या चालीने बिळाकडे धावणारे खेकडे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात मोठ्या कौतुकाने नोंदवले आहेत. निरीक्षण नेमकं आहे; आजही पावसाळ्यात हे दृश्य पाहता येतं. त्यानंतरचे कर्नल विल्यम हेन्री साइक्स, मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी. दख्खनचे पक्षी आणि मासे यांवरच्या त्यांच्या कामाची आठवण अनेकांना असते, खेकड्यांवरच्या कामाची फारशी नसते. १८३६ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा दख्खनच्या जमिनीवरच्या खेकड्यांविषयीचा लेख आला. सोबत जे. ओ. वेस्टवूड यांची टिपणं होती आणि त्यांत आपल्या बांधातल्या मोठ्या खेकड्याचं शास्त्रीय नामकरण झालं. आज आपण त्याला बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस म्हणतो.

त्याच सुमाराला व्हिक्टर झाकमाँ हा तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ हिंदुस्थानभर भटकत होता. हिमालय पाहून तो १८३२ मध्ये पुण्यात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत वारला; वय अवघं ३१. त्याने जमवलेले नमुने पॅरिसला पोचले, आणि १८४४ मध्ये आंरी मिल्न-एडवर्ड्‌स यांनी त्यांतल्या एका खेकड्याला झाकमाँचं नाव देऊन गेकार्सिन्युकस हा नवा वंश मांडला. पुढे मेरी रॅथबन या अमेरिकन विदुषीने १९०४ मध्ये या वंशावरून एक अख्खं कुल बेतलं. दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या त्या साऱ्या कुलाचं नाव असं एका सह्याद्रीवासी खेकड्यावर उभं आहे. आपल्या विद्यापीठांत हे आवर्जून सांगितलं जावं अशी माझी फार इच्छा आहे.

या जुन्या संशोधकांचं ऋण मानूनही एक अडचण सांगितली पाहिजे. त्यांच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं फार ढोबळ असत. ‘दख्खन’ म्हणजे नेमकं कुठलं खोरं? ‘पूना’ म्हणजे मुळा-मुठेचा काठ की नीरेचा? ज्या प्राण्याच्या बाबतीत एका धारेने जात बदलू शकते, तिथे अशी चिठ्ठी पुढच्या माणसाला चकव्यात टाकते. आल्फ्रेड अल्कॉक यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची सूची १९१० मध्ये काढली, फ्रांकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयातल्या रिचर्ड बॉट यांनी १९७० मध्ये सगळी मांडणी नव्याने लावली. दोघांनाही जुन्या चिठ्ठ्यांवर विसंबावं लागलं. मग बराच काळ शांतता होती. तिला धक्का दिला तो भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात काम करणाऱ्या समीर कुमार पती यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१४ मध्ये त्यांनी घाटियाना हा वंश मांडला. २०१६ मध्ये पती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी पश्चिम घाटातल्या पाच नव्या जाती नोंदवल्या. त्यांतल्या काही इतक्या झगझगीत रंगांच्या आहेत की इतकी वर्षं त्या नजरेतून सुटल्या कशा याचं नवल वाटतं. २०१८ मध्ये पती आणि ठाकरे यांनी आणखी अकरा जाती आणि सह्याद्रियाना हा नवा वंश जोडला. जगातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या १,२८० जातींचा आढावा घेणारा शोधनिबंध २००९ मध्ये निघाला होता. त्यात जवळजवळ निम्म्या जातींविषयी धोक्याची पातळी ठरवण्याइतकीही माहिती नाही असा निष्कर्ष होता. सह्याद्रीत चार वर्षांत जे हाती लागलं ते पाहता तो निष्कर्ष आपल्याला नेमका लागू पडतो.

एक विसंगती इथे नोंदवतो. बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस हा प्रयोगशाळेत मुळीच दुर्लक्षित नाही. १९७० च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याचं प्रजनन, अंगातल्या पाणी-क्षारांचा तोल, डोळ्यांच्या देठातली संप्रेरकं यांवर मौलिक काम केलं. त्याच्या रक्तातल्या क्षारांविषयी वाचायला पुष्कळ आहे. पण कानदीच्या काठी तो उन्हाळ्यात किती खोल जातो, बिळाचं तोंड कधी लिंपतो, एका बिळात किती जण राहतात, पहिल्या पावसानंतर कितव्या दिवशी बाहेर येतो, हे विचारायचं तर वाडीवरच जावं लागतं.

आणि वाडीवर उत्तरं मिळतात. या दोन तालुक्यांतल्या कातकरी वस्त्यांवर खेकडे धरणं हे पोटापाण्याचं कौशल्य आहे. बिळाच्या तोंडाशी पडलेल्या मातीचा ओलेपणा, तिच्यावरच्या पायांच्या रेघा, बीळ वळतं कुठे याचा अंदाज, हात घालावा की काडी, आत साप असण्याची शक्यता, हे सगळं तिथली पोरं दहा-बारा वर्षांची होईतो शिकलेली असतात. खाचरातला, ओढ्यातला आणि सड्यावरचा खेकडा त्यांना रंगावरून, नांगीवरून आणि चवीवरूनही निराळा कळतो. शास्त्रज्ञ आज नर खेकड्याच्या पोटाखालच्या पहिल्या प्रजनन-उपांगाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जाती वेगळ्या करतो. ही कसोटी भरवशाची आहे आणि ती सोडून चालणार नाही. मात्र कुठे आणि कधी शोधायचं हे ती सांगत नाही. माझ्या मते, चवीवरून आणि जागेवरून केलेली वाडीवरची विभागणी आधी लिहून घ्यावी आणि मग उपांगांशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या तर उत्तमच. जुळल्या नाहीत तर तिथेच काहीतरी नवं असण्याचा संभव अधिक.

खेकडा अन्न म्हणूनही अभ्यासाचा विषय आहे. पाय नि बारीक नांग्या ठेचून, पाण्यात कुस्करून, गाळून त्या पाण्याचा रस्सा करतात आणि सर्दी-पडशावर, बाळंतिणीलाही तो देतात. कवचासकट सत्त्व काढण्याची ही रीत आहारशास्त्राने तपासावी अशीच आहे. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. खेकडा नेहमी पुरता शिजवूनच खावा. ईशान्य भारतात कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खेकड्यांतून फुप्फुसाच्या कृमींचा रोग माणसाला होतो हे सिद्ध झालेलं आहे.

शेतकऱ्याची तक्रारही ऐकली पाहिजे, कारण ती खरी आहे. लावणी झालेल्या खाचराचा बांध खेकड्याने पोखरला की पाणी रातोरात निघून जातं आणि कोवळी रोपं कापली जातात. या तक्रारीला २०१९ मध्ये भलतंच वळण मिळालं. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी त्याचा दोष खेकड्यांवर ठेवला. राज्यभर त्यावर संताप उसळला. गोड्या पाण्याचा खेकडा मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला तो असा. मातीच्या बांधात खेकडे बिळं करतात आणि त्यांतून झिरपा होऊ शकतो हे खरंच आहे. पण कुठली जात, किती खोल, किती लांब, बांधाच्या कुठल्या भागात, याची मोजमापं हाताशी नसतील तर असं विधान तपासायचं कशाच्या जोरावर? बिळात पातळ प्लास्टर ओतून त्याचा साचा काढणं आणि तो मोजणं हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही जमणारं काम आहे. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव अशी धरणं ज्या टापूत दाटीने उभी आहेत, तिथे हे काम जितक्या लवकर होईल तितकं बरं.

धरणांनी खोऱ्यांचे तळ बुडवले, वाहत्या पाण्याचे ओढे संथ जलाशयात गेले. खाचरांत कीटकनाशकं आली. घाटरस्ते रुंद झाले, डोंगरउतारावर जेसीबीने सपाटी करून प्लॉट पडले. पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन रात्री खेकडे धरायला जाण्याची रीत जुनीच, पण आता शहरातून गाड्या भरून माणसं येतात आणि पिल्लं पोटाखाली घेतलेली मादीही पिशवीत जाते. जुने जाणते अशी मादी सोडून देतात. ही रीत निदान आपल्या लिखाणातून तरी पसरवायला हवी.

आता नव्या माणसाने सुरुवात कशी करावी. खेकडा जिवंत असतानाच त्याचा फोटो काढावा, वरून, खालून आणि समोरून, कारण स्पिरिटमध्ये गेला की रंग उडतो आणि सगळे खेकडे सारखेच मळकट दिसू लागतात. नमुना ठेवायची वेळ क्वचितच यावी. आलीच, तर आधी वनखात्याची आणि जैवविविधता मंडळाची परवानगी घ्यावी. नव्या जातीचा मूळ नमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात द्यावा लागतो हे २००२ च्या जैवविविधता कायद्यात स्पष्ट आहे. त्याच कायद्यान्वये गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. आपल्या गावची वही मागून घ्यावी, आणि तिच्यात खेकड्याच्या नावापुढे एकच शब्द असेल तर ते पान भरायला घ्यावं. चिठ्ठीवर गाव, वाडी, ओढ्याचं स्थानिक नाव, उंची, तारीख, वेळ आणि पावसाची स्थिती हवी. खेकडा ज्याने दाखवला त्याच्या संमतीने त्याचं नावही नोंदणाऱ्याच्या नावाशेजारी, त्याच मापाच्या अक्षरात हवं.

कामं पुष्कळ आहेत, पण तीन मला सगळ्यांत निकडीची वाटतात. पहिलं म्हणजे रायरेश्वराच्या उत्तर आणि दक्षिण उतारावरच्या ओढ्यांतले खेकडे उपांगांच्या आकाराने आणि डीएनएने ताडून पाहणं. दुसरं म्हणजे तोरण्याच्या एका अंगाचं कानद खोरं आणि दुसऱ्या अंगाचं वेळवंड खोरं यांत, वळवाच्या पहिल्या सरीपासून दसऱ्यापर्यंत, दर आठवड्याला ठरल्या ओढ्यावर ठरल्या वेळी मोजणी करणं. याला भिंग, वही आणि बॅटरी एवढं पुरेल. तिसरं काम भाटघरच्या भिंतीच्या वर आणि खाली, एकाच वेळवंडीच्या काठी करायचं आहे. भिंतीने तोडलेल्या या दोन वस्त्यांमध्ये अजून येणं-जाणं उरलं आहे का, हे तिथल्या खेकड्यांच्या डीएनएवरून शोधता येईल.